तान्ह्यांच्या दुधाची तरतूद करणारे तंजावूरचे सरफोजीराजे

तमिळनाडूतील तंजावूर शहराच्या मध्यभागी असलेल्या राजवाड्याच्या परिसराला दरवर्षी देशविदेशातील असंख्य पर्यटक भेट देतात. दरबार सभागृह, कलादालन, उंच मनोरे आणि सरस्वती महाल ग्रंथालय ही या परिसराची प्रमुख आकर्षणे आहेत. या वास्तूंशी ज्यांचे नाव सर्वाधिक निगडित आहे, ते तंजावूरचे मराठा राजे सरफोजी भोसले (दुसरे) हे विद्याव्यासंगी, ग्रंथसंग्राहक आणि कलांचे आश्रयदाते म्हणून सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांच्या कार्याचा एक पैलू तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रवासात असलेल्या गरोदर स्त्रिया, नुकत्याच प्रसूत झालेल्या माता आणि अंगावरचे दूध न मिळणारी किंवा पुरेसे न मिळणारी तान्ही बाळे यांची व्यवस्था हा राज्याच्या खर्चाचा विषय असल्याचे त्यांनी लेखी स्वरूपात नोंदवून ठेवले होते. ही नोंद १८०१ सालची आहे. बाजारात तयार मिळणारे बालअन्न अस्तित्वात येण्यास त्या वेळी अद्याप सहा दशकांहून अधिक काळ बाकी होता.

सरफोजीराजे यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका उपशाखेत झाला. तंजावूरच्या गादीवर त्या वेळी तुळजाराजे (दुसरे) होते. शहाजीराजे यांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर येथे मराठ्यांचे राज्य स्थापन केले होते. शंभर वर्षांनंतर या राज्याची स्थिती नाजूक झाली होती. हैदरअलीच्या स्वाऱ्यांमुळे कावेरीच्या खोऱ्यातील सुपीक मुलूख उद्ध्वस्त झाला होता, अर्काटचा नबाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या मागण्या वाढत होत्या आणि तुळजाराजांची स्वतःची मुले त्यांच्या हयातीतच निवर्तली होती. अशा परिस्थितीत त्यांनी जानेवारी १७८७ मध्ये दहाव्या वर्षात असलेल्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

मृत्यूपूर्वी तुळजाराजांनी या मुलाला जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या हाती सोपवण्याची इच्छा व्यक्त केली होती. श्वार्ट्झ यांनी ही जबाबदारी थेट स्वीकारली नाही. राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी मुलाचे पालकत्व सांभाळावे, असा सल्ला त्यांनी दिला. हा सल्ला सरफोजींना महागात पडला. दत्तकविधान अशास्त्रीय असल्याचा अभिप्राय काही पंडितांनी दिला, कंपनीने अमरसिंह यांना राजा म्हणून मान्यता दिली आणि गादीचा वारस असलेला मुलगा राजवाड्यातच एक प्रकारे बंदिवासात राहिला. त्याच्या शिक्षणाकडे कोणी पाहत नव्हते, बाहेरच्या माणसांशी त्याचा संबंध येऊ दिला जात नव्हता. श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे वारंवार तक्रारी केल्यानंतर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले. तेथे त्यांचे शिक्षण सुरू झाले. दरम्यान दत्तकविधानाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे ठेवण्यात आला आणि या वेळी निकाल सरफोजींच्या बाजूने लागला.

आई-वडिलांचे घर दहाव्या वर्षी सुटलेले, दत्तक पिता काही महिन्यांतच गेलेला, पालक शत्रूसारखा वागणारा, असे हे बालपण होते. पुढील आयुष्यात निराधार मुलांविषयी त्यांनी जी आस्था दाखवली, तिचे मूळ या वर्षांत असावे असा अंदाज करण्यास वाव आहे. श्वार्ट्झ यांच्याविषयीची कृतज्ञता मात्र अंदाजाची बाब नाही. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ यांचे निधन झाले. सरफोजीराजांनी प्रसिद्ध इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले आणि त्यासाठी स्वतः इंग्रजीत काव्यपंक्ती रचल्या. हे स्मारक तंजावूरच्या शिवगंगा किल्ल्याजवळील चर्चमध्ये आजही पाहावयास मिळते. राजांनी स्वतः मात्र आपला धर्म सोडला नाही.

२९ जून १७९८ रोजी सरफोजीराजे गादीवर बसले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावूरचा किल्ला आणि त्याचा लगतचा परिसर तेवढा उरला. त्यांना वार्षिक एक लाख पागोडा आणि राज्याच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मिळेल असे ठरले. बावीस वर्षांच्या राजाच्या हातात ना सैन्य होते, ना महसूल. ज्या गोष्टी हातात राहणार की जाणार हे अद्याप अनिश्चित होते, त्यांत छत्रांचा समावेश होता.

छत्र म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा यांचा संयोग. तमिळमध्ये त्यास चत्तिरम म्हणतात. उत्तरेकडून रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग तंजावूरच्या मुलुखातून जात असल्याने मराठा राजांनी आणि त्यांच्या राण्यांनी या मार्गावर ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. प्रत्येक छत्राच्या खर्चासाठी गावे आणि जमिनी लावून दिलेल्या होत्या. तहानंतर या उत्पन्नाकडे कंपनीच्या अधिकाऱ्यांची नजर वळणे स्वाभाविक होते. जानेवारी १८०१ मध्ये सरफोजीराजांनी तंजावूरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक सविस्तर पत्र पाठवले. आपल्या पूर्वजांनी स्थापन केलेल्या या संस्थांना लावून दिलेल्या उत्पन्नाला धक्का लागू नये, हा त्या पत्राचा रोख होता. राज्य गेले तरी दानधर्मासाठी असलेला लौकिक हाच आपल्या दृष्टीने सर्वात मोठा मान असल्याची भूमिका राजांनी त्यात मांडली.

पत्रातील महत्त्वाचा भाग आहे तो छत्रांच्या दैनंदिन व्यवहाराचे वर्णन. तेथे जातपात न पाहता प्रत्येक प्रवाशाला भात मिळे. शिजवलेले अन्न न घेणाऱ्यांना कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे काय याची विचारणा होत असे. प्रत्येक छत्रात वेदांचे अध्यापक, एक पंतोजी आणि वैद्य नेमलेले असत. वैद्यांमध्ये सूज आणि सर्पादिकांच्या विषावर उपचार करणारेही होते. आजारी प्रवाशाला बरे होईपर्यंत औषध आणि पथ्याचा आहार दिला जाई. मरण पावलेल्यांचे अंत्यसंस्कार त्यांच्या रीतीप्रमाणे होत. प्रवासात आई-वडील गमावलेल्या मुलांना पंतोजीच्या स्वाधीन करून दिवसातून तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी तेल लावून स्नान, कपडे आणि शिक्षण दिले जात असे आणि पुढे त्यांच्या विवाहाचा खर्चही छत्रातून होई.

याच ओघात तान्ह्या बाळांसाठी दुधाची तरतूद असल्याचा उल्लेख येतो. गरोदर स्त्रियांना विशेष ममतेने वागवले जाई. एखादी स्त्री छत्रातच प्रसूत झाली तर बाळंतपणाचा सर्व खर्च छत्र सोसत असे, तिला योग्य औषधे दिली जात आणि प्रसूतीनंतर तीन महिने तेथे राहण्याची मुभा तिला होती.

हे पत्र एका बाजूचे आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. उत्पन्न वाचवण्यासाठी लिहिणारा राजा आपल्या संस्थांचे वर्णन उजळ रंगातच करणार. छत्रांतील भोजनव्यवस्थेत त्या काळची जातवार पंगतीची रीतही होती. परंतु तीन महिने हा आकडा सहज सुचणारा नाही. दानधर्माची स्तुती करणारा लेखक साधारणतः अन्नाच्या राशी आणि पंगतींची संख्या सांगतो. बाळंतिणीला किती दिवस राहता येईल, हे ज्याने प्रत्यक्ष व्यवस्था पाहिली आहे तोच सांगतो.

तीन महिन्यांच्या मुदतीचे महत्त्व आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या आधारे सहज स्पष्ट होते. अंगावर पाजणाऱ्या मातेला नेहमीच्या आहाराखेरीज दररोज सुमारे ५०० ते ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. बाळ जितके वेळा पिते, तितके दूध तयार होते आणि ही सवय बसण्यास पहिले काही आठवडे जावे लागतात. या काळात माता उपाशी, आजारी किंवा सतत चालत राहिली तर ती बाळाला निवांत बसून पाजू शकत नाही, पाजण्याच्या वेळा कमी होतात आणि दूधही कमी होत जाते. रामेश्वरच्या वाटेवर शेकडो मैल पायी निघालेल्या गरीब स्त्रीसाठी छत्रातील भात, निवारा आणि विश्रांती हाच दूध टिकवण्याचा सर्वात परिणामकारक उपाय होता. वरचे दूध त्यानंतर येते. ज्या बाळाची आई वाटेत दगावली किंवा तापाने अंथरुणाला खिळली, त्या बाळासाठी मात्र वरच्या दुधाची तरतूद हाच जगण्यामरणाचा प्रश्न होता.

त्या काळी अशा बाळासाठी उपलब्ध पर्याय मोजके होते. पहिला पर्याय दुसऱ्या स्त्रीचे दूध हा होता. महाराष्ट्राला या बाबतीत वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हा महाराणी सईबाई यांची प्रकृती बरी नसल्याने कापूरहोळच्या धाराऊ यांना दूधआई म्हणून आणण्यात आले, ही कथा मराठी घरांत सर्वपरिचित आहे. सईबाईंचे १६५९ मध्ये निधन झाले. छत्रपतींच्या घरी दूधआई मिळू शकली. वाटसरू कुटुंबाला ती मिळेलच याची खात्री नव्हती.

दुसरा पर्याय जनावराच्या दुधाचा. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांमध्ये या विषयाचा तपशीलवार विचार आढळतो. दक्षिण भारतात विशेष मान्यता असलेल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मातेचे दूध श्रेष्ठ मानले असून ते नसल्यास धात्री म्हणजे दूधआई, आणि स्तन्य उपलब्ध नसल्यास लघुपंचमूळ या औषधी मुळ्यांनी सिद्ध केलेले शेळीचे किंवा गायीचे दूध द्यावे, असा क्रम सांगितला आहे. जनावराचे दूध जसेच्या तसे न देता त्यावर प्रक्रिया करावी, ही दृष्टी त्यात आहे. अर्थात या ग्रंथांतील प्रत्येक गोष्ट आज स्वीकारार्ह नाही. प्रसूतीनंतरचे पहिले काही दिवस बाळाला अंगावर न पाजता मध आणि तूप चाटवण्याची रीत जुन्या ग्रंथांत आहे आणि अनेक घरांत ती दीर्घकाळ पाळली गेली. मातेचे पहिले दूध, ज्याला मराठीत चीक म्हणतात, ते रोगप्रतिकारक घटकांनी समृद्ध असते आणि जन्मानंतर पहिल्या तासातच ते बाळाला मिळाले पाहिजे, हे आता निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, त्यामुळे एक वर्षापर्यंत मध देऊ नये असे डॉक्टर सांगतात.

सरफोजीराजांचे वेगळेपण असे की, ग्रंथात आहे म्हणून ते खरे, या भूमिकेवर ते थांबले नाहीत. राजवाड्यात त्यांनी धन्वंतरी महाल या नावाची संस्था उभारली. तेथे माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधे तयार होत. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक तेथे एकत्र काम करीत. औषधाचा योग रुग्णांवर वापरून पाहावा, गुण येतो काय हे तपासावे आणि मगच त्याची नोंद करावी, असा शिरस्ता होता. अनुभवास उतरलेले हे योग दरबारातील कवींकडून तमिळ पद्यांत रचून घेण्यात आले. वैद्यांना ते पाठ करणे सोपे जावे, हा त्यामागील हेतू होता. राजांच्या शरभेंद्र या नावावरून हे साहित्य शरभेंद्र वैद्य मुरैगळ, म्हणजे शरभेंद्राच्या वैद्यक पद्धती, या नावाने ओळखले जाते. सरस्वती महाल ग्रंथालयाने विसाव्या शतकात त्याचे खंड प्रसिद्ध केले असून त्यांपैकी एक खंड गर्भिणी आणि बालकांच्या रोगांच्या चिकित्सेला वाहिलेला आहे. मराठी राजाने तंजावुरात तमिळ भाषेत स्त्रिया आणि मुलांच्या आजारांवरील ज्ञान संकलित करवून घेतले, याची दखल महाराष्ट्रात जेवढी घेतली जावयास हवी होती तेवढी घेतली गेलेली नाही.

नेत्ररोगांबाबतचे त्यांचे काम अधिक प्रसिद्ध आहे. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, आजाराचे स्वरूप, केलेले उपचार आणि डोळ्यांची रंगीत चित्रे असलेली कागदपत्रे सरस्वती महालात जतन करण्यात आली आहेत आणि आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. रुग्णाची लेखी नोंद ठेवण्याची पद्धत भारतीय दरबारात त्या काळी दुर्मीळच होती.

१८०२ मध्ये राजांनी तंजावूरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळपुरम छत्र स्थापन केले. मुक्तांबाळ ही त्यांची प्रिय सखी. ती विधिवत राणी नव्हती आणि तिचा मृत्यू अकाली झाला. आपल्या नावाने छत्र व्हावे, ही तिची इच्छा राजांनी पूर्ण केली. रेसिडेंटला पत्र पाठवल्यानंतर अवघ्या वर्षभरात, उत्पन्न आक्रसलेले असताना, नवे छत्र उभे राहिले ही बाब लक्षणीय आहे. येथे भोजन आणि निवासासोबत मोठी शाळा होती. अनेक भाषांचे शिक्षण तेथे दिले जाई. छत्राची कोरीव दगडी वास्तू आजही उभी आहे.

शिक्षण हा राजांचा दुसरा ध्यास. नवविद्या या नावाने त्यांनी आधुनिक विषयांच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि देवनागरी मुद्रणालय सुरू केले. १८०६ मध्ये तेथून बालबोधमुक्तावली हे इसापच्या कथांचे मराठी पुस्तक छापून बाहेर पडले. मराठी मुद्रणाच्या इतिहासातील हे अगदी सुरुवातीचे पुस्तक पुणे किंवा मुंबईत न छापता तंजावुरात, आणि तेही मुलांसाठी छापले गेले. देवेंद्र कुरवंजी या आपल्या मराठी नाट्यरचनेतून राजांनी जगाचा भूगोल प्रेक्षकांपुढे मांडला. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेण्यात आला. मराठीतील अत्यंत मोठ्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. तंजावूरच्या संगीताला आणि नृत्याला त्यांनी दिलेला आश्रय, नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ समुद्रकिनाऱ्यावर बांधलेला मनोरा, हे सर्व पुरेसे लिहिले गेले आहे.

सरस्वती महाल ग्रंथालय नायक राजांच्या काळापासून होते, पण त्याला आजचे रूप सरफोजीराजांनी दिले. १८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजार लोकांच्या लवाजम्यासह त्यांनी काशीयात्रा केली आणि वाटेत हस्तलिखिते मिळवली, नकला करवून घेतल्या. युरोपातून मागवलेली रसायन, वनस्पती, शरीरशास्त्र आणि वैद्यक या विषयांची पुस्तके त्यांच्या संग्रहात होती आणि त्यांपैकी अनेकांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आहे. मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी तंजावूरला भेट दिली. लाव्हाझिए, लिनियस, ब्युफाँ यांच्या ग्रंथांशी परिचित असलेला हा भारतीय राजा पाहून ते प्रभावित झाले होते.

सरफोजीराजांचे ७ मार्च १८३२ रोजी निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांना पुत्र नव्हता. १८५५ मध्ये त्यांच्या निधनानंतर कंपनीने तंजावूरचे संस्थान खालसा केले. छत्रांचा कारभार सरकारकडे आणि कालांतराने स्थानिक मंडळांकडे गेला. रेल्वे आल्यावर रामेश्वरची पायवाट ओस पडू लागली आणि छत्रांचे मूळ प्रयोजनच कमी झाले. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सार्वजनिक झाले आणि १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. तेथील मोडी लिपीतील मराठी दप्तरांमध्ये राजवाड्याच्या आणि दरबाराच्या कारभाराच्या नोंदी आहेत.

दरम्यानच्या काळात वरच्या दुधाचे स्वरूप पूर्णपणे पालटले. १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी मातेच्या दुधाशी जुळणारा आहार रासायनिक पृथक्करणाच्या आधारे तयार केल्याचे जाहीर केले. पाठोपाठ १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांचे दूध आणि पिठापासून बनवलेले बालअन्न बाजारात आले. भारतात १९५० च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालअन्न तयार करण्याची पद्धत विकसित केली आणि आणंदच्या अमूलने त्याचे उत्पादन सुरू केले. ज्यांना खरोखर गरज होती, अशा बाळांसाठी ही मोठी सोय होती. मात्र जाहिरातींमुळे गरज नसलेल्या घरांतही डबा पोहोचला. अस्वच्छ पाणी, नीट न उकळलेली बाटली आणि भुकटी पुरवण्यासाठी पातळ केलेले दूध यांमुळे अतिसार आणि कुपोषणाने बालके दगावू लागली. त्यातून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली आणि भारताने १९९२ मध्ये कायदा करून दुधाचे पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि बालअन्न यांच्या विक्रीप्रचारावर निर्बंध आणले. २००३ च्या दुरुस्तीने हा कायदा अधिक कठोर करण्यात आला.

आजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे, पाणीही देऊ नये, आणि पूरक आहार सुरू झाल्यावर दोन वर्षे किंवा त्यापुढे स्तनपान चालू ठेवावे. दूध कमी पडते आहे अशी शंका आल्यास प्रथम बाळाची पकड, पाजण्याची वारंवारता आणि वजनातील वाढ तपासली जाते. बऱ्याच मातांच्या बाबतीत दूध पुरेसे असते आणि केवळ पद्धतीत सुधारणा करावी लागते. तरीही वजन वाढत नसेल, माता गंभीर आजारी असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध देणे आवश्यक ठरते. अशा वेळी ते देणाऱ्या मातेला अपराधी वाटण्याचे कारण नाही. अंगावर पाजणे सुरू ठेवून त्याला जोड म्हणून हे दूध दिले, डब्यावरील प्रमाण तंतोतंत पाळले आणि उकळलेले पाणी वापरले तर आईचे दूध आटण्याचा आणि संसर्गाचा धोका कमी होतो. सहा महिन्यांखालील बाळासाठी गायीचे किंवा म्हशीचे साधे दूध योग्य नाही. त्यात प्रथिने आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपणार नाहीत इतके असतात, तर लोह फारच कमी असते. सरफोजीराजांच्या काळी अंगावरचे दूध न मिळणारी कित्येक बाळे वरच्या दुधावर का तग धरू शकत नसत, याचे एक कारण येथे आहे. दुसरे कारण जंतूंचे, ज्यांचा शोध तेव्हा लागायचा होता.

जुन्या व्यवस्थेतील काही गोष्टी मात्र नव्या रूपात परतल्या आहेत. चोच असलेली छोटी वाटी, जिला मराठीत बोंडले आणि तमिळमध्ये पालाडै म्हणतात, ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध पाजण्यासाठी अनेक नवजात कक्षांमध्ये बाटलीऐवजी वापरली जाते. ती स्वच्छ करणे सोपे असते आणि बाळाला रबरी बोंडाची सवय लागत नाही. दूधआईची जागा काही प्रमाणात मातृदुग्धपेढीने घेतली आहे. भारतातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेथे मातांनी दिलेले जादा दूध तपासून, पाश्चरीकरण करून गरजू बाळांना दिले जाते.

तंजावूरच्या राजवाड्यातील कलादालनात फ्लॅक्समन यांनीच घडवलेला सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा उभा आहे. त्याच आवारातील सरस्वती महालाच्या प्रदर्शनकक्षात राजांच्या संग्रहातील हस्तलिखिते, नकाशे आणि चित्रे पाहता येतात. गर्भिणी आणि बालरोगांवरील शरभेंद्राचा तमिळ खंड या ग्रंथालयाच्या प्रकाशनांच्या यादीत आहे.